आजोबांचा डावा पाय

“हे तर आपलं इंजिन आहे!” भोंगा ओरडला, आणि मोजपट्टीनं झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला.

भोंग्याला हळू बोलता येत नाही, हे साऱ्या घराला ठाऊक होतं. मोजपट्टी त्याची मोठी बहीण, वय तेरा. दहादा खात्री करून घेतल्याशिवाय तिला पाण्याचा घोटही उतरत नसे. आणि शेपूट ही काकांची मुलगी, वय आठ. ही दोघं जिथं जातील तिथं ती हजर, बोलावलेलं असो वा नसो! सुट्टीत तिघं आजोबांच्या घरी होती. आजोबा मात्र डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आत्याकडे गेलेले, ते उद्या सकाळी परतणार होते.

सायकलीत हवा भरायला तिघं गॅरेजवर आली होती. तिथं मागच्या भिंतीपाशी गोणपाटावर ते इंजिन पडलेलं. त्याला गार ठेवणाऱ्या पात्यांपैकी कडेचं एक तुटलेलं होतं, आणि तुटक्या जागी पिवळा रंग! कुणाचं बोट कापू नये म्हणून आजोबांनीच तो लावला होता.

“म्हणजे म्हातारीच्या पोटात आता काय आहे?” शेपटीनं डोळे मोठे करून विचारलं.

म्हातारी म्हणजे आजोबांची मोटारसायकल. काकांपेक्षाही वयानं मोठी! काकांनी ती आठवडाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती, आणि जवळ जायची सक्त मनाई होती.

तिघांनी घराकडे धूम ठोकली. शेडमध्ये शिरून ताडपत्री वर केली, तर आत चकचकीत नवं इंजिन!

“सापडलात!” मागून काकांचा आवाज आला. तिघांच्या हातून ताडपत्री सुटली.

पण काका हसत होते. “अरे, चोरीबिरी काही नाही. आजोबांचे गुडघे दुखतात, किक मारवत नाही. म्हणून गॅरेजवाल्या मिस्त्रींकडून बटणवालं इंजिन बसवून घेतलं. उद्या त्यांना चकित करायचं! कुणी तोंड उघडलंत तर गाठ माझ्याशी आहे.”

चोर नाहीच म्हटल्यावर शेपूट हिरमुसली. रहस्य संपलं, असं भोंग्यालाही वाटलं.

संध्याकाळी आजोबांच्या बुटांना पॉलिश करताना मोजपट्टी मात्र थबकली. तीन जोड होते. तिन्ही जोडांतला उजवा बूट चवड्यावर, तोही वरच्या बाजूनं घासलेला!

“आजोबा लाथा मारतात की काय?” शेपूट म्हणाली.

“गियर! म्हातारीचा गियर उजव्या पायाला आहे. बोटांनी वर उचलायचा,” मोजपट्टी पुटपुटली. मग ती बूट तसाच हातात घेऊन शेडकडे पळाली. नव्या इंजिनाचा गियर डावीकडे होता. आणि ब्रेक गेला होता उजवीकडे!

 घराच्या फाटकातून रस्ता थेट उतारावर जायचा, आणि उताराच्या पायथ्याशी ट्रकचा मोठा रस्ता. आजोबांचा डावा पाय चाळीस वर्षं तिथं ब्रेक दाबत आला होता.

“इतकंच ना? सांगू त्यांना, झालं!” काका म्हणाले. “ते काय कुकुलं बाळ आहेत?”

शेवटचा हात फिरवायला आलेले मिस्त्री तर फिस्सकन हसले. “शंभर गाड्यांना इंजिनं बसवलीत मी. आजवर एक तक्रार नाही. जा, खेळा जा!”

खेळा म्हणे! मोजपट्टीला रात्री जेवण गेलं नाही. मोठ्यांना सांगून उपयोग नाही, दाखवावंच लागेल, असं तिनं दोघांना सांगितलं. “आणि ते दाखवेपर्यंत म्हातारी सुरू होता कामा नये.”

“ते माझ्यावर सोपव,” शेपूट म्हणाली.

सकाळी आजोबा आले. काकांनी त्यांना डोळे मिटायला लावून शेडमध्ये नेलं आणि हातात किल्ली ठेवली. आजोबांना भरून आलं. इंजिनावरून हात फिरवत ते म्हणाले, “माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी केलीस रे!”

“बाबा, फक्त गियर आता डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या.”

“कळलं, कळलं! ऑपरेशन डोळ्याचं झालंय, डोक्याचं नाही.”

आजोबा म्हातारीवर बसले. मोजपट्टीनं खूण करताच भोंगा फाटकामागे जाऊन लपला. आजोबांनी बटण दाबलं. घुर्रर्र... घुर्रर्र... इंजिन काही सुरू होईना! मिस्त्रींचा चेहरा पडला. ते खाली बसून पेट्रोलची नळी तपासू लागले. प्लगची टोपी वरून जागच्या जागी दिसत होती, पण तिच्या आत शेपटीनं ठिणगी अडवायला कागदाचा बोळा कोंबलाय हे त्यांना कसं कळावं?

“तोवर आपण खेळू या!” मोजपट्टी घाईघाईनं म्हणाली. “आजोबा, गाडी स्टँडवरच राहू दे. समजा, तुम्ही निघालात. पहिला गियर?”

आजोबांनी विचार करून डावा पाय हलवला. अगदी बरोबर! “बघितलंस?” असं काका नजरेनंच म्हणाले.

“डॉक्टर काय म्हणाले, आजोबा? औषध किती दिवस घालायचं?”

“महिनाभर. गाडी चालवायला मात्र परवानगी दिलीय. आणि आत्या तुझी, काय सांगू, पेपरसुद्धा वाचू देत नव्हती...”

“ट्रऽऽक!!” फाटकामागून भोंगा जीव खाऊन ओरडला, आणि शेपूट पुढच्या चाकासमोर धावली.

खट्! आजोबांचा डावा पाय सगळी ताकद लावून दाबला गेला. गियरवर! उजवा पाय ब्रेकला शिवलासुद्धा नव्हता.

“दचकले ते,” काका चाचरत म्हणाले.

“मग पुन्हा करू,” आजोबाच म्हणाले.

पुन्हा केलं. डावाच पाय! तिसऱ्यांदा तर आजोबा “उजवा, उजवा” असं घोकत बसले होते, तरी भोंगा ओरडताच डावाच.

“पण हाताचा ब्रेक आहे की!” मिस्त्री म्हणाले.

“त्यानं म्हातारी नुसती कुरकुरते, उतारावर थांबत नाही.” आजोबा हळूच खाली उतरले. आपल्या डाव्या पायाकडे ते परक्याच्या पायाकडे बघावं तसे बघत होते. “मी सांगतोय त्याला. ऐकतच नाही हा.”

काका मटकन पायरीवर बसले. “मीच तुम्हाला फाटकाबाहेर पाठवत होतो,” ते म्हणाले.

शेपटीनं गुपचूप जाऊन टोपीतला बोळा काढला आणि मिस्त्रींच्या हातावर ठेवला. त्यांनी कान पकडले, पण स्वतःचे!

“शंभर गाड्या केल्या,” ते म्हणाले, “पण चालवणार कोण, हे एकदासुद्धा विचारलं नाही. पोरांनो, दोन दिवस द्या. इंजिनाखालून आडवा दांडा टाकून गियर उजवीकडे आणतो, आणि ब्रेक डावीकडे, जिथल्या तिथं.”

तिसऱ्या दिवशी म्हातारी बटणानं सुरू झाली. मिस्त्रींनी गल्लीत तिला दहा वेळा पळवून थांबवून पाहिलं होतं, तरी आजोबा फाटकाबाहेर पडले तेव्हा मोजपट्टी मागोमाग धावली. तिघं कठड्याला चिकटून उभी राहिली. म्हातारी उतारावर लागली. अर्ध्यावर गेली. आणि एवढ्यात खालच्या वळणावरून एक खराखुरा ट्रक उलटा मागे सरकत रस्त्यात आडवा झाला!

भोंग्यानं तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही.

म्हातारीचा मागचा लाल दिवा लागला. गाडी किंचित डुलली आणि ट्रकच्या पुष्कळ अलीकडे उभी राहिली. आजोबांनी शांतपणे ट्रकला वाट दिली, गाडी वळवली आणि ते वर आले.

“ट्रक दिसला, आणि मी काही विचार करायच्या आत पायानं काम केलं,” ते म्हणाले. “आज मी धड घरी आलो तो या तिघांमुळे!”

“खरंय बाबा,” काका म्हणाले. त्यांनी तिघांना जवळ ओढलं. “यापुढे तुम्ही म्हणाल ते मी आधी ऐकून घेईन.”

मोजपट्टी मात्र हमसून हमसून रडत होती.

“अगं वेडे, रडायला काय झालं?” आजोबांनी तिचे डोळे पुसले. “थांबली ना गाडी?”

“म्हणूनच तर रडतेय!” ती म्हणाली.