‘मे’च्या शेजारचा ‘वेल’

लोणारच्या विवराच्या काठावर बसून मी माझा शोधनिबंध मोठ्यानं वाचत होते… ‘धिस ग्लास डेफिनेटली मे बी फ्रॉम द इम्पॅक्ट…’

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

वळून पाहिलं. निळा शर्ट, भुरभुर पावसात ओले झालेले केस, आणि हसू लपवायची धडपड.

“काऊन हसले?” मी विचारलं.

“‘डेफिनेटली’ म्हंजे नक्की, ‘मे’ म्हंजे असू शकते. एका दमात दोन्ही? ठरवा ना मॅडम एकदाचं!”

तो प्रसेनजित. मेहकरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, मुलांची सहल घेऊन आला होता. मी जवळच्या बीबी गावची धम्मशीला, भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी. निबंध पसंत पडला तर अहमदाबादला संशोधनाची जागा मिळणार होती… आणि माझं इंग्रजी हे असं!

“मले नक्की ठावं नाही,” मी कबूल केलं. “पण नुसता अंदाजबी नाही. पुरावा हाय.”

तो शेजारच्या दगडावर टेकला. “मंग ‘मे वेल बी’ लिहा. ‘मे’च्या पुढं, ‘बी’च्या आधी, एवढासा ‘वेल’. म्हंजे, असू शकते… अन् तसं मानायले चांगलं कारण हाय.”

मी वाक्य पुन्हा वाचलं. अंगावर काटाच आला. वर्षभर दगड फोडून मला जे सांगायचं होतं, ते त्या इवल्याशा शब्दानं नेमकं तोलून धरलं होतं. खोटी खात्री नाही, उगाच भीतीही नाही.

“पुरावा दाखवता का?” त्यानं हळूच विचारलं.

मी डबीतला काचेचा काळा मणी त्याच्या तळहातावर ठेवला, भिंग दिलं. “आभाळातून दगड आदळला, तवा इथला खडक पाण्यावानी वितळला. त्याचाच हा थेंब… असावा.”

त्यानं भिंग डोळ्याला लावलं. एकदा मण्याकडे पाही, एकदा खालच्या हिरव्या तळ्याकडे, आणि मग… माझ्याकडे. डोळे भरून आले होते त्याचे.

“माह्या हातावर?” एवढंच म्हणाला.

मग तो दर रविवारी येत राहिला. मी त्याला खडक वाचून दाखवायचे, तो माझी वाक्यं. ‘मस्ट’ला ‘शुअरली’ची जोड कुठं शोभते, कुठं ओझं होते, यावर आम्ही भांडायचो. भांडताना त्याच्या गालाला खळी पडायची, आणि मी मुद्दाच विसरायचे!

जागा मिळाल्याचं कळलं, त्या दिवशी आम्ही खाली तळ्याशी उतरलो होतो. त्यानं अभिनंदन केलं… मग पाण्यात खडे टाकत बसला. पाण्यावर बगळे उतरत होते. शेवटी मीच धीर केला.

“मले तू आवडतं, प्रसेनजित. थांबशीन माह्यासाठी?”

“नाही.”

मी पाण्याकडे तोंड फिरवलं.

“थांबून काय करू?” तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “मी येऊन राह्यलो ना तुह्यासंगं. पोरं तिकडंबी इंग्रजी शिकतच असतीन.”

मला हसू आलं, रडूही. मी त्याचा हात घट्ट धरला. चहूबाजूंनी विवराच्या प्रचंड कडा उभ्या होत्या, वर आभाळाचा तेवढाच गोल तुकडा… आणि त्या अफाट शांततेत त्याचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता.

वरून पहारेकरी परत फिरायला हाका मारत होता. आम्ही दोघांनीही ओ दिली नाही.