शर्टाच्या बदल्यात शर्ट

धान कांडायला गेलेली वच्छला तांदूळ घेऊन परत येईल, असंच घरी सगळ्यांना वाटलं होतं. ती आली गोणपाटाच्या बोऱ्यात मांजर घेऊन. तांदूळ घेऊन तिच्या मागून तेजराम येत होता.

तेजराम लाखनीच्या हमरस्त्यावरच्या गिरणीत मशीन चालवायचा. गाव बपेरा, पण राहायचा गिरणीतल्याच खोलीत. त्या दिवशी एक करडी मांजर वच्छलेच्या पायात आली आणि ती तोंडावरच पडायची, पण तेजरामनं तिचं कोपर धरलं. धरलं ते ठीक... सोडायला मात्र त्यानं जरा उशीर केला. वच्छलेच्या ते बरोबर लक्षात आलं.

मांजर कोणाची, तिनं विचारलं. कोणाचीच नाही, तो म्हणाला. पोळा झाला की मालक गिरणीत उंदरांचं जहर टाकणार होता, आणि जहर खाल्लेला उंदीर हिनं खाल्ला की हीपण संपलीच. हे सांगताना त्यानं तोंड फिरवलं.

"मंग मी घेऊन चालली हिले," वच्छला म्हणाली.

"राहाची नाही जी ते घरात. पक्की गिरणीची हाये."

"कशी नाही राहत, पायतोच मी."

झालं, बाई हट्टाला पेटली. वच्छला घरी ब्लाऊज-परकर शिवायची. मशीनखाली तिनं गिरणीचा तोच बोरा अंथरला आणि कोपऱ्यात राखेचं घमेलं ठेवलं. मांजरबाईंनी घमेल्यात मस्त झोप काढली आणि बाकीचं काम धुरपताबाईंच्या चुलीत उरकलं. धुरपताबाई म्हणजे वच्छलेची आई. तिनं चूल सारवता सारवता मांजरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि लेकीलाही सोडलं नाही. वच्छला मात्र पुन्हा पुन्हा मांजरीला उचलून घमेल्यात नेऊन ठेवत राहिली, आणि हळूहळू मांजर शिकली.

सगळं सुरळीत होत असताना वच्छलेचा स्वच्छपणा आडवा आला. बोरा मळका दिसला म्हणून तिनं तो सोड्यात घालून खसाखसा धुतला आणि उन्हात वाळवला. संध्याकाळी मांजर त्याच्यावर बसेना. कोपरा न् कोपरा हुंगत ओरडत राहिली आणि शेवटी छपराचं कवेलू सरकवून पसार झाली, थेट गिरणीत.

तेजरामनं आणून दिली. ती पुन्हा गेली, त्यानं पुन्हा आणून दिली. दर वेळी चहा व्हायचा, आणि खरं सांगायचं तर दोघांपैकी कोणालाच त्याचा त्रास नव्हता. पण पोळा जवळ येत होता. मांजर दिसली नाही की वच्छलेला घास गोड लागत नव्हता.

एकदा अशीच मांजर त्याच्या खांद्यावर बसून आली. कोंड्यानं भरलेल्या शर्टात नाक खुपसून घुरघुरत होती. वच्छलेनं कपाळावर हात मारला. बोरा कशाला धुतला मी! गिरणीचा वासच गेला त्याचा.

"तुमचा शर्ट द्या मले."

"काय?"

"हाच. असाच, न धुतलेला. मांजरीले पायजे."

"आन् मी काय घालू?"

"मी शिवून देतो ना. शर्टाच्या बदल्यात शर्ट."

तिनं गळ्यातला टेप काढला. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत... मग छातीभोवती. तेजराम खांबासारखा उभा.

"श्वास घ्या जी. नाही तं शर्ट घट्ट होईन."

तो बनियानवरच हमरस्त्यानं परत गेला. ट्रकवाले हसले, पण त्याला काही ऐकू आलं नाही.

जुन्या शर्टावर मांजर जी रमली ती रमलीच. जेवण देताना वच्छला ताटलीवर चमचा वाजवायची, उरलेल्या चिंधीला दोरा बांधून तिला खेळवायची. टेरिकॉटचा नवा शर्टही तयार झाला.

पोळा उलटला. तेजराम नवा शर्ट घालून आला. शर्ट छान बसला होता, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं. "आज जहर टाकलं. दार लावून ठेवा."

आणि नेमकं धुरपताबाईंनी मागचं दार उघडलं होतं. मांजर अंगणात, कुंपणापाशी. पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे गिरणी. तेजराम झेपावणार, तोच वच्छलेनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा. किती दिवस धरून ठेवाचं? तिचं तिलेच ठरवू द्या."

"आन् गेली तं?"

"तं तुम्ही धावा."

तिचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला होता. तरी तिनं दुसऱ्या हातानं चमचा उचलला आणि ताटली वाजवली. मांजरीनं कान वळवला. मग सावकाश आली, तेजरामच्या नव्या शर्टाला हुंगलं, नाक मुरडलं आणि आत जाऊन जुन्या शर्टावर गोल होऊन बसली.

वच्छलेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मले वळखलंबी नाही," तेजराम म्हणाला. मग खाली बघत, हळूच, "ते तं राहिली. आता मी... काय निमित्त करून येऊ?"

"निमित्त कायले पायजे? मले तुम्ही आवडता. बाबा इतवारी घरी असते. बपेऱ्याहून आईले घेऊन या."

तो हसला, मान हलवली, आणि निघायचं म्हणून वळला. पण मनगट अजून तिच्या हातातच होतं. सोडायला तिनं उशीर केला, आणि मुद्दाम केला.