पिंगळझिऱ्याचा पळता बोर्ड

"ललित, तू आधी पोहायचं की आधी खायचं ते ठरव. दोन्ही एकदम जमणार नाही," दिपमाला म्हणाली.

ललितच्या दोन्ही खिशांत भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि तोंडही भरलेलं होतं. ही बहीण-भावाची जोडी दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याहून बोरमळीला, आईच्या माहेरी आली होती. तिसरा प्रशील, शेजारच्या घरातला. तिघं बसथांब्याजवळ चिंचेखाली उभे राहून पिंगळझिऱ्याला जायचं ठरवत होते. पिंगळझिरा म्हणजे सातपुड्याच्या कुशीतला झरा. सगळ्या गावाच्या विहिरी त्याच्याच पाण्यावर चालायच्या. शिवाय तिथल्या सागवानात रानपिंगळा राहायचा. हे छोटं घुबड आता फार थोड्या ठिकाणी उरलं आहे, असं प्रेमराज मामा नेहमी सांगायचा.

तेवढ्यात एक पांढरी जीप थांबली. एक हडकुळा माणूस उतरला, त्याने मागून पत्र्याचा बोर्ड काढला आणि थांब्याशेजारी रोवला. मोबाइलवर त्याचे फोटो घेतले. एक समोरून, एक गावाचं नाव दिसेल असा बाजूने. मग त्याने बोर्ड उपटला आणि परत जीपमध्ये टाकला.

"काका, लावला आणि लगेच काढला?" दिपमालाने विचारलं.

"छपाई चुकली होती," तो माणूस तिच्याकडे न बघता म्हणाला. जीप चिंचपाड्याच्या रस्त्याने निघून गेली.

"मला वरची ओळच वाचता आली," प्रशील म्हणाला. "जाहीर सूचना, पिंगळझिरा. पुढचं काही दिसलंच नाही."

"छपाई चुकली असेल, तर फोटो कशाला काढला?" दिपमाला म्हणाली.

ते धावत प्रेमराज मामाकडे गेले. पिंगळझिऱ्याचं जंगल संरक्षित करावं म्हणून मामा आणि त्याचे मित्र कित्येक वर्षं राज्य सरकारकडे मागणी करत होते. पण आज घरी कापूस भरायला ट्रॅक्टर आला होता. "चुकला असेल गं बोर्ड," मामा घाम पुसत म्हणाला. "सुनावणी ठरली की आम्हाला कळवणार आहेत. पंडितशेठ स्वतः म्हणाले, काळजी करू नका."

पंडितशेठ म्हणजे डोंगरापायथ्याच्या खडी क्रशरचे मालक. उन्हाळ्यात गावाला टँकर द्यायचे, त्यामुळे त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

"चिंचपाड्याला जीप लांबून जाते," प्रशील हळूच म्हणाला. "खिंडीतून आपण आधी पोचू."

ते खरंच आधी पोचले. मारुतीच्या देवळामागे लपून बघतात तो जीप आली. तोच माणूस, तोच बोर्ड. उजवा कोपरा दुमडलेला, तोही तसाच. बोर्ड रोवला, फोटो काढले. मग टपरीवाल्याने हाक मारली, "छगनभाऊ, चहा घेऊन जा." छगन बोर्ड तसाच ठेवून चहाला गेला.

दिपमाला वाकून भरभर वाचू लागली. पिंगळझिऱ्याला राखीव क्षेत्र करायचं की नाही, हे ठरवायला राज्याची समिती सोमवारी शिरपूरला येणार होती. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी हजर राहावं. कोणी आलं नाही, तर लोकांना गरज नाही असं समजलं जाईल.

"सोमवारी?" प्रशीलचा आवाज चिरकला. "आणि गावात कोणालाच माहीत नाही?"

दिपमालाने ललितकडे पाहिलं. त्याचे ओठ लालभडक झाले होते. वाटेत त्याने निवडुंगाची बोंडं तोडून, काटे जावेत म्हणून मातीत घासून, खायला सुरुवात केली होती.

"एक बोंड दे इकडे."

"शेवटचं आहे."

"म्हणूनच मागतेय."

तिने बोंड फोडलं आणि बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात लाल अंगठा उमटवला. त्याखाली ललितने आपल्या लाल करंगळीने एक रेघ ओढली. तिघं देवळामागे परतले तेव्हा छगन कप ठेवत होता. त्याने बोर्ड उपटला, जीपमध्ये फेकला आणि निघाला.

परतताना खिंडीतून त्यांना जीप खाली दिसली. ती पुढच्या गावाकडे न जाता क्रशरकडे वळली.

"चला," दिपमाला म्हणाली.

"घरी?" ललितने आशेने विचारलं.

"खाली."

खडीच्या ढिगाऱ्याआड ते दबून बसले. यंत्र बंद होतं, त्यामुळे बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"बाकीच्या गावांचे फोटो आजच उरक," पंडितशेठ छगनला सांगत होते. "बोर्ड लावून सुनावणीची प्रसिद्धी करायचं काम मी उगाच अंगावर घेतलेलं नाही. सोमवारी हॉल रिकामा दिसला पाहिजे. समिती लिहून टाकेल की लोकांना नको आहे. मग झिऱ्यापर्यंत खोदायला आपल्याला कोण अडवतंय?"

ललितच्या नाकात धूळ गेली. त्याने दोन्ही हातांनी नाक दाबलं, तरीही शिंक आलीच.

"कोण आहे रे तिकडे?"

तिघं तुरीच्या शेतात घुसले. मागे पावलं वाजत होती. तूर डोक्याच्या वर वाढलेली होती. एका बांधावर ते पालथे पडून राहिले आणि श्वास रोखून ऐकत राहिले. पावलं जवळ आली, थांबली आणि मग लांब गेली. तेव्हा कुठे ललितच्या लक्षात आलं, की त्याच्या एका पायात चप्पल नाही.

संध्याकाळी पंडितशेठ स्वतः घरी आले. ओसरीवर चुडामण आबा, म्हणजे दिपमालाचे आजोबा, बसले होते. शेठनी हसत हसत निळी चप्पल पुढे ठेवली.

"आबा, गावची पोरं क्रशरवर खेळायला येतात. एखादा दगड अंगावर आला तर? कोणाची आहे ही?"

ललित पाय पोटाशी घेऊन बसला. पण त्याचा चेहराच सगळं सांगत होता. मामा तिघांवर चिडला. शेठ जाताना दिपमालाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शहरातली पोर दिसतेय. ऐकलेल्या सगळ्याच गोष्टी खऱ्या नसतात, बरं का."

शेठ गेल्यावर तिने सगळं सांगितलं. मामा म्हणाला, "शेठ असं करतील? उगाच कोणावर आळ घेऊ नये."

"मग सोमवारी शिरपूरला चला, मामा. समिती आली नाही, तर आम्ही खोटे. मग काय हवी ती शिक्षा करा."

आबांनी टोपी नीट केली. "पोर खरं बोली राहिनी," ते म्हणाले. "पन फक्त आपन जाईसन काय व्हई? बठ्ठासले सांगनं पडी."

सगळ्यांना सांगायचं म्हणून मग मामाने मित्रांना फोन लावले. मुलांनी पाडे वाटून घेतले आणि घराघरांत जाऊन सांगितलं. चिंचपाड्याच्या तानुबाई पाण्याच्या हंड्यासह थांबून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्हले ते कोणी सांगं नही." पुढचं काम त्यांनीच हाती घेतलं.

सोमवारी शिरपूरच्या हॉलमध्ये समिती येऊन बसली, तेव्हा पहिल्या रांगेत फक्त पंडितशेठ होते. थोड्या वेळाने बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचे आवाज आले आणि हॉल भरू लागला. शेठ वळून वळून दाराकडे बघत होते.

"प्रत्येक गावात स्वतंत्र बोर्ड लावले आहेत," प्रसिद्धीचा अहवाल मांडणारे अधिकारी म्हणाले आणि पडद्यावर फोटो दाखवू लागले. बोरमळी झालं, चिंचपाडा झालं.

दिपमाला उभी राहिली. "मॅडम, पुढचा फोटो दाखवायच्या आधी मी सांगू का त्यात काय आहे?"

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "सांग."

"उजवा कोपरा दुमडलेला असेल. खाली लाल अंगठा असेल, आणि त्याच्याखाली एक लाल रेघ. अंगठा माझा आहे आणि रेघ माझ्या भावाची. आम्ही ती चिंचपाड्यात काढली."

पुढचा फोटो आला. गाव वेगळं होतं, पण कोपरा दुमडलेला होता, आणि अंगठा आणि रेघही होती. त्याच्या पुढच्या गावातही तेच. हॉलमध्ये कुजबुज वाढली.

"हा एकच बोर्ड सगळीकडे फिरवला?" अध्यक्षांनी विचारलं. अधिकाऱ्यांनी छगनकडे पाहिलं, छगनने पंडितशेठकडे पाहिलं आणि शेठ पायांतल्या बुटांकडे बघत राहिले.

"साहेब, मला जेवढं सांगितलं, तेवढं मी केलं," छगन पुटपुटला.

तानुबाई उठल्या. "हाई बोर्ड आमना गावमा कोणी दखाच नही. हाऊ झिरा आटना, ते आम्ही पानी प्याले कथा जासूत?"

पाणी प्यायला जायचं कुठे, हा त्यांचा सवाल अध्यक्षांनी पुरता ऐकून घेतला. मग त्यांनी अहवाल मिटला. प्रसिद्धीचं काम शेठकडून काढून घ्यायला आणि चौकशी करायला सांगितलं. "आजची ही सुनावणी धरली जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढची गावातच होईल. आधी दवंडी पिटा, मग आम्ही येऊ. आणि ते पिंगळ्यांचं रानही आम्हाला दाखवा."

बाहेर आल्यावर मामाने दिपमालासमोर कान धरले. "मोठ्या माणसाचं नाव ऐकलं आणि मी तुमचं ऐकणंच बंद केलं. चुकलंच माझं."

सुट्टी संपायच्या आत समिती बोरमळीला आली. मामा त्यांना सकाळी रानात घेऊन गेला. रानपिंगळा भरदिवसा सागाच्या फांदीवर बसून त्यांच्याकडे टकमक बघत होता. दुपारी पारावर सुनावणी सुरू झाली. पाड्यापाड्यांतून इतकी माणसं आली, की मुलांना पारापर्यंत पोचताच येईना. ललित टाचा उंच करकरून थकला.

पारावर चढून बसलेल्या म्हाताऱ्यांत आबा होते. त्यांनी तिघांना पाहिलं आणि काठीने बाजूच्यांना ढोसलं.

"सरका रे जरा," आबा म्हणाले. "ह्या पोरे नसतात, ते आज आपन बठ्ठा घरमाच बशी राहतूत. त्यासले पुढे बसू द्या."

म्हातारे निमूटपणे सरकले.