पाच वाजताची मालिका

आमचं केंद्र सकाळी दहाला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बंद होतं. लेकी-सुना, मुलं कामावर जातात, तेवढा वेळ घरातल्या विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळायचं, हे आमचं काम. विसरभोळी म्हणजे चष्मा कुठे ठेवला ते विसरणारी नव्हेत. चष्मा कशासाठी असतो तेच विसरलेली. मी इथली मुख्य नर्स. सगळे मला सिस्टर म्हणतात. दोन वर्षांपासून माझी आईही रोज माझ्याबरोबर येते, आणि तीही मला सिस्टरच म्हणते.

जुन्या काळची खोली ही कल्पना माझी. या माणसांना सकाळचं जेवण आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचं गाणं शब्द न चुकवता म्हणता येतं, हे मी रोज पाहत होते. म्हणून मागची अडगळीची खोली रिकामी करून घेतली आणि दादाच्या ताब्यात दिली. माझा भाऊ आयुष्यभर नाटकांचे सेट बांधायचा. निवृत्त झाला, तरी हात स्वस्थ बसत नाहीत.

त्याने महिनाभरात खोली उभी केली. लाकडी हातांचा सोफा, त्यावर क्रोशाची झालरवाली कापडं. खाली सतरंजी. भिंतीवर सिनेमाच्या मासिकातून कापलेले नट-नट्या, कोपरे पिवळे पडलेले. कॅसेटचा टेप, आणि शेजारी फीत गुंडाळायला पेन्सिल. मधोमध लाकडी खोक्यातला टीव्ही, दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या झडपांचा. भंगारवाल्याकडून आणलेल्या त्या खोक्यातली काचेची नळी दादाने आधीच काढून टाकली होती; कुणाला इजा नको. तिच्या जागी काळ्या प्लास्टिकचा पत्रा बसवला. आत काहीच नव्हतं. वायरही नव्हती.

"हुबेहूब आपलं घर केलंस," मी म्हणाले.

"मला तेवढंच आठवतं," दादा म्हणाला.

पहिल्या आठवड्यात खोलीने जादू केली. महिनोन्‌महिने गप्प असलेले पोस्टमास्तर खिडकीशी उभे राहून ओरडू लागले, "दिसतंय का? अजून डावीकडे फिरवू?" छपरावरचा ॲंटेना फिरवणारा माणूस त्यांच्यात जागा झाला होता. सोफ्यावरून शिवणवाल्या मावशी उत्तर द्यायच्या, "मुंग्याच दिसताहेत, फिरवा!" आम्ही पोट धरून हसलो. त्या काळाबद्दल जो तो एकच गोष्ट कौतुकाने सांगतो, तीही सगळ्यांनी सांगितली: मालिकेच्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. सगळा गाव एकेका टीव्हीपुढे गोळा.

मी मान डोलवली. मलाही ते रिकामे रस्ते चांगले आठवतात.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की पाच वाजले की नऊच्या नऊ जण न बोलावता त्या खोलीत जाऊन बसतात. अर्धा तास. कुणी पेंगत नाही, कुणी लघवीला उठत नाही. मी दाराशेजारच्या स्टुलावर बसून नोंदी करायचे. एकदा औषध द्यायला मध्ये गेले, तर पोस्टमास्तर वैतागले.

"सिस्टर, आडवं येऊ नका हो. दिसत नाही."

"काय बघताय?"

"मालिका. दुसरं काय?"

जुनी सवय आहे, असं मी वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज त्यांना विचारलं, कथा काय आहे. ते तोंड वाकडं करून म्हणाले, "कथा कसली! एका घरात पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसलीत आणि टीव्ही बघताहेत. मालिकेतली माणसंही मालिकाच बघतात, आणि आपण त्यांना बघायचं. पैसे वाया."

मी हसले. मग जेवणानंतर, पोस्टमास्तर झोपलेले असताना, शिवणवाल्या मावशींना विचारलं. त्या हातातल्या कापडाची नसलेली शिवण उसवत म्हणाल्या, "लोक बसलेत टीव्हीपुढे. गर्दी आहे. सोफ्यावरच्या बाईने आकाशी पातळ नेसलंय. काठ छान आहे."

पुढचे चार दिवस मी एकेकाला वेगळं गाठून विचारलं. उत्तरं जुळत होती. सतरंजी जुळत होती, आकाशी पातळ जुळत होतं. आईला विचारलं तेव्हा ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. एकाने म्हटलं की दुसऱ्याला तसंच वाटू लागतं, हे मला ठाऊक आहे. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. म्हणून मी झडपा बंद केल्या. पाचला पोस्टमास्तर उठले आणि त्यांनी त्या उघडल्या. मग मी टीव्हीच उचलून कोठीत ठेवला. पाचला नऊ जण आले आणि टीव्हीच्या जागेवरच्या उघड्या भिंतीकडे बघत अर्धा तास बसले. मी टीव्ही परत आणून ठेवला. ती भिंत मला बघवेना.

तिसऱ्या आठवड्यात ते चुळबुळ करू लागले.

"कुणीतरी दार वाजवतंय," शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "आणि एक मेला उठत नाही."

"आतून कडी आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "गल्लीतली पोरं घुसतात म्हणून लावलेली असणार."

माझ्या हातातलं पेन थांबलं.

"कोण वाजवतंय?" मी विचारलं.

"ते दाखवत नाहीत. पण लहान आहे कुणीतरी. खालच्या बाजूला वाजतंय. तळहाताने."

आता इथे मला सांगायला हवं. आमची धाकटी बहीण होती, चिमी. सहा वर्षांची. तिला दम लागायचा. एका सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाचला आमच्या घरात सगळी आळी मालिका बघायला जमली होती, आई आकाशी पातळात सोफ्यावर होती आणि चिमी अंगणात खेळत होती. मालिका संपल्यावर शेजारच्या काकू घरी जायला निघाल्या, त्यांनी कडी काढली, आणि चिमी पायरीवर सापडली. नंतर आईने एकेकाला विचारलं होतं, कुणालाच कसं ऐकू आलं नाही? सगळे म्हणाले, आवाज मोठा होता. मी नऊ वर्षांची होते. मीही तेच म्हणाले.

मला ऐकू आलं होतं. तीन वेळा. मी दाराला पाठ टेकून बसले होते, फळीचा हादरा माझ्या पाठीला लागत होता. जाहिरात लागली की उठू, असं मी ठरवलं होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आईच्या आठवणीतून चिमी पुसली गेली, तेव्हा दादा म्हणाला होता, एका अर्थी सुटली बिचारी. मलाही तसंच वाटलं होतं. खरं सांगायचं तर मला माझ्यापुरतं हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला मनगट धरून जवळ ओढलं. "सिस्टर, ती दाराशी बसलेली पोरगी आहे ना, दोन वेण्यांची? सगळ्यांना वाटतंय तिला ऐकू येत नाही. पण येतंय. मी चेहरा बघते ना तिचा."

मी दादाला बोलावून घेतलं आणि वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उभ्याउभ्याच वाचली. मग त्याच सोफ्यावर बसला.

"तू सांगितलंस का यांना काही?"

"चिमीचं नावसुद्धा घेतलेलं नाही."

त्याने वही मिटली.

"मलाही ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "तू जवळ होतीस. मला वाटलं, तू उठशील."

त्याचा राग आला का मला? आला. आणि पाठोपाठ असं वाटलं, की एक्केचाळीस वर्षं उचलून धरलेल्या ओझ्याचं दुसरं टोक कुणीतरी धरलं. तो म्हणाला, उद्याच खोली मोडून टाकू. मी हो म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी खोली मोडण्याआधीच पाच वाजले.

दादा हत्यारांची पिशवी घेऊन पॅसेजमध्ये उभा होता. मी त्याला म्हटलं, आजचा दिवस बघू दे त्यांना, आणि खोलीचं दार लावून घेतलं. माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसले. नऊ जण समोर बघत होते. आई सोफ्याच्या कडेला होती.

आज कुणी चुळबुळ करत नव्हतं.

"वाजवतेय," मावशी हळूच म्हणाल्या.

थोड्या वेळाने पोस्टमास्तर म्हणाले, "दुसऱ्यांदा."

मला काहीही ऐकू येत नव्हतं. घड्याळाची टिकटिक होती. कुणाचा तरी श्वास घरघरत होता.

"तिसऱ्यांदा."

मी पाठ दारापासून दूर घेतली. सरळ बसले.

मग आईची मान वळली. तिच्यामागून एकेकाची. अठरा डोळे टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मालिका बघावी तसे.

"मोठे," आई म्हणाली.

या नावाने तिने मला चार वर्षांत हाक मारली नव्हती.

"मोठे, मला वाटलं तू उठशील."

मी वही मिटून बाजूला ठेवली.

"आता तरी ऊठ."

मी उठले. कडीला हात लावला. ती गार होती. मी दार उघडलं.

पॅसेज रिकामा होता. टोकाला दादा पिशवी घेऊन उभा होता, तो माझ्याकडे बघत होता. मधल्या फरशीवर उन्हाचा पट्टा पडला होता. दुसरं काही नाही. खरंच काही नाही.

मी मागे वळले.

नऊ जण आता दाराकडे बघत होते. माझ्याकडे नव्हे, माझ्या कमरेच्या उंचीवर. मग सगळ्यांची नजर एकदमच हलली. दारातून सतरंजीवर, सतरंजीवरून सोफ्यापर्यंत. सावकाश, लहान पावलांच्या चालीने. पोस्टमास्तरांनी पाय आखडून वाट दिली.

आई जराशी सरकली.

"संपली," मावशी म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. "चांगला शेवट केला हो."

सगळे उठून चहाला गेले. दादाने त्या संध्याकाळी एकही खिळा काढला नाही. पिशवी तशीच घेऊन गेला. मी आईला शाल पांघरली. तिचा चेहरा शांत होता, मी विचारलं तर ती म्हणाली, "सिस्टर, घरी जायचं का?" एवढंच. मी वहीत तारीख घातली आणि खाली काही लिहिलं नाही.

पावणेसहाला व्हॅन आली. नेहमीचा चालक रजेवर होता. बदलीचा माणूस पहिल्यांदाच आला होता, आमच्यापैकी कुणालाच ओळखत नव्हता. त्याने आईला अलगद मागच्या सीटवर चढवलं. मी तिच्यापलीकडे जाऊन बसले. तो सरकतं दार ओढायला लागला आणि मध्येच थांबला. खाली वाकून, लहान मुलांशी बोलतात तशा आवाजात तो म्हणाला,

"पाय आत घे, बाळा. चेंगरेल."

आणि क्षणभर वाट बघून त्याने दार लावलं.