सत्ताविसावं पान

पार्से गावच्या कृष्णनाथ मास्तरांचं आत्मचरित्र उद्या छापखान्यात जायचं होतं, आणि सत्ताविसावं पान गायब होतं.

"महिनाभर गठ्ठा मेजावर उघडाच होता," मास्तर म्हणाले. "ते पान पुन्हा लिहायला हात धजत नाही."

"काय होतं त्यात?" खासगी तपास करणाऱ्या विनिताने विचारलं.

"माझी थोरली बहीण, ताराबाय. तिला शिक्षणाची आवड नव्हती, म्हणून तिने शाळा सोडली, असं लिहिलं होतं." मास्तर जमिनीकडे बघत होते.

विनिताने गठ्ठा चाळला. सव्विसाव्या पानापर्यंत प्रत्येक ओळीखाली काजूच्या बोंडांच्या रसाची पुसट रेघ होती. पुढच्या पानांवर एकही डाग नव्हता.

"काजूच्या बागेत राबणाऱ्याचं काम!" मदतनीस शंभूने तिथल्या तिथे निकाल लावला. घाई ही त्याची जुनी खोड.

मास्तरांचा मुलगा गौरेश बागेतून आला, हात डागाळलेले. "बाबांनी चाळिसाव्या पानार माझ्या दारू पिण्याचां लिवल्यानी. तां सोडून ह्यां कित्याक चोरू?"

मास्तरांची बायको सुमंगला बोंडं पिळत होती. "लिवतानाच माका वाचून दाखवतत. भांडूचा असता तर तेव्हाच भांडलंय असतंय."

ताराबाय मागच्या पडवीत बिया निवडत होती. नाकावर चष्मा, शेजारी नात तनयाचं पहिलीचं पुस्तक उघडं. तनया शाळेत गेली होती.

"माका अक्षर येणा नाय गो," ताराबाय म्हणाली. शंभूने संशयितांच्या यादीतून तिचं नाव खोडून टाकलं.

विनिताने सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"शंभू, डाग इथे सगळ्यांच्याच हाताला आहेत. पण ओळीखाली बोट धरून कोण वाचतं? नुकतंच वाचायला शिकलेलं माणूस. ते पहिल्या पानापासून वाचत आलं आणि सत्ताविसाव्यावर थांबलं. आणि पोर शाळेत असताना तिचं पुस्तक पडवीत कुणासाठी उघडं होतं?"

ताराबायने कमरेला खोचलेलं, घडी केलेलं पान काढलं.

"तुझां पुस्तक वाचूक म्हणान शिकलंय रे," ती भावाला म्हणाली. "दोगांचीय नावां शाळेत एकाच दिसा घातलेली. आठ दिसांनी आई आजारी पडली, माका घरात ठेवल्यानी. मी पाटी पोटाकडे धरून रडलंय. तू दारात उभो होतंस."

"सगळां आठवता, बाय. लिहूक लाज वाटली." मास्तरांना रडू आवरेना. शंभूलाही. "तू सांग, मी लिवतंय."

"नको. पेन हयसर दी."

एका ओळीला अर्धा तास लागला. 'माका शाळा आवडायचि.'

वेलांटी चुकली होती. चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या मास्तरांनी ती तशीच राहू दिली.