पहिली खुर्ची

मोबाईल उपडे ठेवा आणि गप ऐका. मी बाता मारत नाही. ज्याच्यावर हे बेतलं, त्याच्या शेजारी बसून मी वीस वर्षं धंदा केलाय.

समुद्रावर छत्र्या-खुर्च्या भाड्यानं देणारे दोघे सख्खे भाऊ. धाकट्याची जागा स्टेशनच्या पायऱ्यांच्या तोंडाशी. गाडीतून उतरलेलं माणूस सरळ त्याच्याकडे. थोरला शंभर पावलं पलीकडे माश्या मारायचा आणि जळायचा. म्हणायचा, "देवानं याला जागा दिली, मला नुसता भाऊ दिला."

आमच्यात रिवाज असा, की संध्याकाळी छत्री घरी जाते, पण ती रोवायचा लोखंडी नळ वाळूत पुरलेलाच राहतो. ज्याचा नळ, त्याची जागा. दुसऱ्याच्या नळाला चोरसुद्धा हात लावत नाही.

एकदा वाऱ्यानं थोरल्याची छत्री पाण्यात नेली. ती आणायला धाकटा धावला. छत्री परत आली. तो नाही.

मग त्याची बायको त्या जागेवर बसायला लागली. गिऱ्हाईक तसंच तिच्याकडे. थोरल्याच्या डोळ्यांत आता मेलेल्याचं नशीबही सलायला लागलं.

गेल्या साली, शनिवारी, रात्री पाऊण वाजता हा उठला. शेवटची गाडी येऊन गेलेली.

"खुर्च्यांची दोरी विसरलो," बायकोला म्हणाला.

"दोरीला काय पाय फुटतायत? सकाळी आणा."

ऐकेल तर तो कसला! फावडं आधीच दाराबाहेर ठेवलेलं. भावजयीचा नळ उपटून लांब पुरायचा, तिच्या जागेवर आपला रोवायचा, आणि सकाळी भरतीवर ढकलायचं, हा बेत.

कंबरभर खणलं. नळ हलेना.

"दादा, डावीकडून खण. तिथं मऊ आहे."

आवाज मागून आला. रागाचा नाही. धाकटा नेहमी मदतीला यायचा, तसाच.

थोरला वळला नाही. हात मात्र डावीकडे गेले... नळ सुटला. अलगद.

"ने. तुला हवी होती ना..."

लाटेचा आवाज नाही. वारा नाही.

"मग मी कुठं बसू, दादा?"

...

त्यानं नळ होता तिथं खुपसला, हातांनी वाळू लोटली आणि फावडं टाकून पळाला.

सकाळी भावजय आपल्या जागेवर आली. "भाऊजी, हे फावडं तुमचंच ना?" हा आपल्या ओळीतल्या पहिल्या खुर्चीकडे बघत उभा. तिचं कापड ओलंचिंब.

त्यानंतर कापड दोनदा बदललं त्यानं. आता गिऱ्हाईक आलं की स्वतःच म्हणतो, "तिकडे जा, भावजयीकडे."

परवा भर दुपारी मी हात लावून पाहिला. वाळू चटके देत होती. बाकीच्या खुर्च्या कोरड्या, ताठ.

पहिली ओली. आणि मधोमध खोल दबलेली... माणूस बसल्यावर दबते, तशी.