यानावरची लॉरा

रविवार, सकाळचे दहा. ऐन लढाईत बंडोपंतांच्या टीव्हीवरचं अंतराळयान मुंग्यांत बुडालं आणि माणिक गच्चीवर गेला. साल १९८४.

सिंदी रेल्वे या गावात टीव्ही मोजकेच होते. मालिका इंग्रजी आणि बंडोपंत शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून गर्दी त्यांच्याच घरी. परदेशात ही मालिका वीस वर्षांपूर्वी सुरू झालेली. दोनदा बंद पडली, दोनदा लोकांनी हट्टाने परत सुरू करायला लावली. इथे महिन्याभरात कापूसबाजारातल्या अडत्याला लोक ‘कप्तान’ म्हणू लागले. एका मंडळाने गणपती यानाच्या खुर्चीत बसवला. त्यावर दोन दिवस वाद झाला, मग दर्शनाला रांग लागली.

माणिक स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करायचा. नागपूरचं प्रक्षेपण जेमतेम पोचायचं. त्याने अँटेना धरली की चित्र यायचं, सोडली की जायचं. त्यामुळे ज्या मालिकेने गाव वेडं केलं, तिचा एकही भाग त्याने अख्खा पाहिला नव्हता. दुकानात येणारे लढाई तेवढी सांगत. इंग्रजी कोणाला कळत होतं?

बंडोपंतांची मुलगी पद्मा वर्ध्याला बी.ए. करत होती. दारात उभी राहून ती गच्चीकडे ओरडायची, “डावीकडे... अजून थोडं... बस!” भाग संपून घर रिकामं झालं की जिन्याच्या पायरीवर चहा — आणि सगळी गोष्ट.

“कप्तान बेशुद्ध पडला.”

“मंग यान कोण चालवून राह्यलं?”

“लॉरा. अधिकारी आहे, कप्तानापेक्षा हुशार. पण यान दुरुस्त करणारा एक जण आहे ना... त्याच्यासमोर तिची बोबडी वळते.”

“काऊन?”

“ते पुढच्या रविवारी.”

माणिक पुढच्या रविवारी यायचा. त्याच्या पुढच्याही.

डिसेंबरात जवळच नवं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. चित्र आपोआप स्वच्छ दिसू लागलं. त्याच आठवड्यात नागपूरच्या बँकेतल्या मुलाकडून पद्माला पसंती आली. उत्तर बंडोपंतांनी द्यायचं होतं.

रविवारी माणिक सवयीने जिन्याकडे वळला. पद्माच्या आईने, आनंदाबाईंनी, हाक मारली.

“वर कुठे चाललास रे? आता काय आकाश धरून ठेवणार आहेस? बस इथे.”

तो बसला. पहिल्यांदाच अख्खा भाग पाहिला. कप्तान होता, शत्रू होते. उठताना त्याने बंडोपंतांना हळूच काहीतरी विचारलं. मग पायरीवर येऊन चहा घेतला.

“लॉरा नाई दिसली.”

“रजेवर असेल,” पद्मा म्हणाली.

“गुरुजींले इचारलं मी. अशी बाई त्या यानावर कधीच नव्हती म्हणे.”

पद्माने पदराच्या टोकाला पीळ घातला. सोडला. पुन्हा घातला.

“इतके महिने मले फसवून राह्यल्या?”

“नुसत्या लढाईसाठी तुम्ही एवढा वेळ थांबला असता?”

“आन् थो दुरुस्तीवाला?”

“तो आहे,” ती म्हणाली. “पण फार हळू चालतं त्याचं डोकं.”

माणिक हसला. ती हसली नाही.

“बाबा या आठवड्यात नागपूरला होकार कळवणार आहेत.”

त्याने कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता.

“पद्मा... तू मले आवडते. तुले?”

“इतकं सगळं रचून सांगितलं, ते कशासाठी मग?”

तो उठून आत गेला. बंडोपंत टीव्हीवर कापड घालत होते. माणिकने उभ्या उभ्याच सांगितलं. जात दोघांची वेगळी. ते कोणी उच्चारलं नाही.

“हे पद्माला माहीत आहे?” बंडोपंतांनी विचारलं.

“आहे, बाबा,” दारातून उत्तर आलं.

आनंदाबाई स्वयंपाकघरात जागच्या जागी थांबल्या. बंडोपंतांनी कापडाची घडी सारखी केली.

मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने ते एकटेच नागपूरला गेले. होकार द्यायला की नकार, हे त्यांनी आनंदाबाईंनाही सांगितलं नाही. संध्याकाळच्या गाडीतून ते उतरले नाहीत, तेव्हा पद्मा गच्चीवर जाऊन स्टेशनकडे बघत रात्रीच्या गाडीची वाट पाहू लागली.